येन त्रेपन्न पैसे

अठ्ठावीस वर्षं मी कॅम्पातल्या शाखेत
सकाळी सव्वादहाला फळ्यावर भाव लिहिले:
डॉलर, पौंड, मार्क (तो पुढे वारला),
आणि सगळ्यात खाली येन, शेकड्यात,
एकेकटा लिहावा इतकी त्याची ऐपत नव्हती.
लोक नोटा मोजून न्यायचे.
कुणाची सून न्यू जर्सीत बाळंत होणार असायची,
कुणाचा पोरगा हँबुर्गला इंजिनं शिकणार असायचा.
मी कुठे गेले नाही.
पदरावर खडूची पूड, एवढाच परदेश.

निवृत्त झाल्यावर बाकीच्या भजनी मंडळात गेल्या.
मी गळ टाकायला शिकले.
भाच्याने दिलेली लवचीक छडी,
आणि पिसाची माशी, ती मीच बांधते,
कबुतराचं पीस, शिलाईचा दोरा.
सहकारनगरातली कबुतरं निदान एवढ्या तरी कामाची.

रीळ मात्र मनासारखं नव्हतं.
मला जुनं हवं होतं, इंग्लंडात घडलेलं,
तीन पूर्णांक एक अष्टमांश इंच,
ज्याच्या पोटात स्प्रिंगवर एक दात असतो
आणि दोरी ओढली की ते बोलतं.
लंडनला ते पौंडात मिळतं,
आणि पौंडाचा तोरा मी जवळून पाहिलाय.
पण तसलीच रिळं एके काळी
जपान्यांनी हौसेने उचलून नेली होती.
आता ते म्हातारे झालेत, कपाटं रिकामी करतायत,
आणि येन घसरतोय.

बासष्ट पैसे. थांब, म्हटलं.
अठ्ठावन्न. थांब.
छप्पनला भाचा म्हणाला, मावशी, घेऊन टाक.
म्हटलं, तू गप्प बस, मी याला ओळखते,
हा अजून दोन पायऱ्या उतरणार.
वहीत रोजचा येन, शेजारी दुधाचा हिशेब.
त्रेपन्नला घेतलं. चोवीस हजार येन.

तेवीस दिवसांनी खोकं आलं.
चुरगळलेल्या जपानी वर्तमानपत्रात रीळ,
आणि चिठ्ठी, यंत्राने मराठी केलेली:
"यजमान मरण झाले. हे चाक नदी आवडते.
कृपया ओले करा."

मी जिन्यातच उभी राहिले.
तिचा येन पडला म्हणून मला परवडलं.
तेवढ्यात तिला तांदूळ किती आला असेल,
हे वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं?
(कस्टमने साडेचार हजार घेतले.
थांबून थांबून वाचवलेले माझे एकवीसशे साठ
त्यांच्या दाढेलाही लागले नाहीत.)

पानशेतच्या मागच्या पाण्यावर बबन परदेशी भेटतो.
घर भोयांचं, आडनाव परदेशी,
आणि स्वारगेटपलीकडे कधी गेलेला नाही.
त्याने रीळ कानाशी धरून फिरवलं.
"आत टिटवी हाय," म्हणाला.
मग किंमत. मग मी त्याला
उतरत्या भावाचं सगळं गणित सांगितलं.
"असं व्हय. माझ्या मरळीचंबी तेच.
पहाटं चारशे, अकराला अडीचशे,
दुपारी गिऱ्हाइकाच्या मनात येईल ते.
आन् दुपारची बाई घरी जाऊन सांगती,
आज म्या लई हुशारी केली."

मी काही बोलले नाही.
एक चिलापी लागली, तळहाताएवढी.
रीळ ओरडलं, थांबलं, परत ओरडलं.
तिला सोडताना मी ते मुद्दाम पाण्यात धरलं,
मनगट बुडेपर्यंत.
बबनने मासा जाताना पाहिला
आणि कपाळावर हात मारला.

काल येन बावन्नवर आला.
एक पैसा. दोनशे चाळीस रुपये.
रात्री दोनला उठले,
दिवा न लावता रीळ एकदा फिरवलं.
खालच्या दातारांनी खिडकी उघडली.
"टिटवी ओरडतेय गं," त्या आत कुणाला तरी म्हणाल्या,
"या वेळेला. बरं नव्हे."